लापशीच्या दिवशी येणारा दादा

कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) नाव टाकलं तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता, वर्षाला १२० तास भरायचे, दोन वर्षांत २४०, आणि ते होता होईल तेवढे सावलीत भरायचे. सरांनी पर्याय सांगितले त्यात पांडवलेणीच्या पायथ्याशी झाडांना पाणी घालणं होतं, गोदाघाटावर निर्माल्य गोळा करणं होतं आणि एक होतं अंगणवाडीत मदत. हे तिसरं ऐकून अर्ध्या वर्गाने नाकं मुरडली, कारण त्यात ट्रिप नाही, टीशर्ट नाही, ग्रुप एकत्र नाही, दोघा-दोघांच्या जोड्या करून पाठवणार. मी हात वर केला. मी नाशिकच्या सातपूरला राहतो, अंगणवाडी घरापासून सायकलवर पाच-दहा मिनिटं, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरभर रस्ते खोदून ठेवलेत त्यातून पांडवलेणीपर्यंत कोण जाणार. एवढंच कारण. मुलांची आवड वगैरे काही नव्हती, उलट मी घरातलं शेंडेफळ, कोणी बाळ मांडीवर द्यायला लागलं की मोबाईल चार्जिंगला लावायचं निमित्त काढून उठणारा माणूस.

अंगणवाडी म्हणजे समाजमंदिराची एक खोली. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला वस्ती आहे, तिथे. भिंतीवर फळं, भाज्या आणि एक जरा रागीट दिसणारा ससा रंगवलेला, खाली दोन सतरंज्या, एका कोपऱ्यात टीएचआरची पाकिटं भरलेली पोती (टीएचआर म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, गरोदर बायका, बाळंतिणी आणि तीन वर्षांच्या आतली पोरं यांच्यासाठी), दुसऱ्या कोपऱ्यात वजनकाटा आणि लोखंडी कपाटात रजिस्टरांची चळत. माणसं दोन, सेविका ताई आणि मदतनीस मावशी. आणि तीन ते सहा वयाची पोरं, ज्यांची संख्या रजिस्टरमध्ये एक असते, सतरंजीवर दुसरी असते आणि आवाजावरून विचाराल तर तिसरीच असते.

ताईंनी आम्हाला, म्हणजे मी आणि माझ्याबरोबरची एक वर्गमैत्रीण, पहिल्याच दिवशी दारात उभं करून नियम सांगितले. आत बोलावून चहा वगैरे काही नाही, आधी नियम. पोरांना शी-शूला न्यायचं काम फक्त मावशीचं, तुम्ही दोघांनी नाही, आणि दादा तू तर अजिबात नाही. मला जरा लागलंच ते, पण नंतर विचार केला की अनोळखी कॉलेजचा पोरगा आलाय, तिने हे सांगितलं नसतं तर मीच म्हटलं असतं की ही बाई निष्काळजी आहे. दुसरं, पोरांच्या चेहऱ्याचे फोटो काढायचे नाहीत. तिसरं, नाकात किंवा कानात जाईल असं काही आणायचं नाही, मणी नाही, चिंचोके नाही, हरभरे नाही, क्राफ्टच्या टिकल्या तर अजिबात नाही. आणि शेवटचं जे सांगितलं ते तेव्हा मला कळलंच नाही. म्हणाल्या, जाताना सांगून जायचं. चोरून जायचं नाही.

मी म्हटलं, ताई, आम्ही तुम्हाला सांगूनच जाऊ की.

मला नाही रे, म्हणाल्या, पोरांना.

फोटोवरून कॉलेजात काय झालं ते इथेच सांगून टाकतो. आम्हाला प्रत्येक भेटीचा जिओटॅगवाला फोटो लागतो, बॅनरसकट, म्हणजे खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आलं पाहिजे, त्याशिवाय तास धरत नाहीत. आता चेहरे दाखवायचे नाहीत तर फोटो कसला काढणार. आम्ही दाराबाहेर पोरांच्या चपला रांगेत लावल्या, त्यामागे बॅनर धरला आणि फोटो पाठवला. ‘लाभार्थी दिसत नाहीत’ असा रिप्लाय आला. मग पुढच्या वेळी पाठमोऱ्या पोरांचा पाठवला, त्यात एकाची चड्डी अर्धी खाली आलेली होती हे अपलोड केल्यावर दिसलं, परत डिलीट, परत चपला. वर्षभराची आमची फाईल बघितली तर कोणालाही वाटेल की ही पोरं चपलांच्या दुकानात समाजसेवा करत होती.

तर ते सांगून जायचं प्रकरण. सकाळी पोरं येतात तेव्हा दारात जी रडारड चालते ती मी आयुष्यात कधी बघितली नव्हती, म्हणजे मीही केली असणार पण आठवत नाही. त्यात एक होता त्याला आम्ही भोंगा म्हणायचो, कारण कंपनीच्या शिफ्टच्या भोंग्यासारखा तो ठरल्या वेळेला सुरू व्हायचा आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. (पोरांची खरी नावं इथे लिहिणार नाहीये.) त्याची आई पॅकिंगच्या कामाला जायची, तिला घाई, ती काय करायची तर त्याला खेळण्यापाशी बसवायची, तो गाडी हातात घेऊन वळला की ही मागच्या मागे पसार. दोन मिनिटांनी तो मान वर करायचा, आई नाही, की झालं सुरू. आणि मग तो गाडीलासुद्धा हात लावायचा नाही, कारण त्याच्या हिशोबाने गाडी हातात घेतली की आई गायब होते. बरोबरच आहे ना त्याचं लॉजिक, दोन्ही गोष्टी रोज लागोपाठ घडत होत्या.

ताईंनी त्याच्या आईला एक दिवस धरलं आणि सांगितलं, रडला तरी चालेल पण तोंडावर सांगून जा, मी जाते, तू जेवून झालास की आज्जी न्यायला येईल, असं म्हण आणि जा, मागे वळू नको. ती बाई म्हणाली, अहो ताई, पण सांगितलं तर जास्त रडतो. ताई म्हणाल्या, हो, जास्त रडेल, आठ दिवस रडेल. आणि खरंच पहिले काही दिवस भोंग्याने छप्पर उडवलं, मावशी त्याला कडेवर घेऊन खिचडीच्या डब्याचं झाकण वाजवत फिरायच्या. मग हळूहळू त्याचं रडणं आखूड होत गेलं आणि एक दिवस मी जरा उशिरा पोचलो तर हा पठ्ठ्या गाडी फिरवत बसलेला. मला बघून म्हणाला, आई कंपनीत गेली, मी जेवलो की आज्जी येते. एखाद्याने बसचं टाइमटेबल सांगावं तसं, निर्विकार.

माझं स्वतःचं काम काय होतं ते सांगायचं राहिलं. आम्ही दोघांनी सुरुवातीला प्लॅन वगैरे केला होता, फ्लॅशकार्ड प्रिंट करून लॅमिनेट करून आणले होते, प्राणी, वाहनं, आपले मदतनीस. ताईंनी बघितले, छान आहेत म्हणाल्या आणि कपाटावर ठेवले, ते अजून तिथेच आहेत. त्याऐवजी मला दिलं काय, तर नाकं पुसणं, हात धुवायच्या रांगेत पुढे उभं राहणं आणि पाण्याची बादली भरून ठेवणं. पहिले काही आठवडे मी हेच केलं. मित्र विचारायचे काय शिकवतोस रे पोरांना, मी सांगायचो नळ बंद करायला.

पण एक गोष्ट मात्र मी उत्साहाने घेऊन गेलो होतो, खडूंचे, म्हणजे क्रेयॉनचे बॉक्स. स्वतःच्या पैशाने, चांगल्या कंपनीचे, लांब लांब, टोकं असलेले. ताईंनी बॉक्स उघडला आणि एकेक खडू हातात घेऊन कटाकट मोडायला सुरुवात केली. एकाचे तीन तुकडे. मी बघतच राहिलो. मला वाटलं रागावल्या की काय. तर त्यांनी एक अख्खा खडू एका पोराला दिला आणि एक तुकडा दुसऱ्याला दिला आणि म्हणाल्या आता हात बघ. ज्याच्याकडे अख्खा खडू होता त्याने तो पूर्ण मुठीत धरला होता, लाटणं धरतात तसा, आणि खांद्यापासून हात फिरवत होता. ज्याच्याकडे तुकडा होता त्याला मुठीत धरायला जागाच नव्हती, त्यामुळे त्याने आपोआप अंगठा आणि दोन बोटं वापरली. पेन्सिल धरायला अशीच बोटं लागणार आहेत पुढे. कोणी त्याला असं धर, तसं धर असं एक अक्षर सांगितलं नाही, फक्त खडू मोडला. मी नंतर घरी येऊन वाचलं तर बालशिक्षणात ही गोष्ट सगळीकडे माहीत असलेली आहे, पण मला विचाराल तर मी इंजिनिअरिंगच्या तोडीची आयडिया म्हणेन.

अशा गोष्टी नंतर मला दिसायलाच लागल्या. पोरांचा दंगा वाढला की ताई आवाज चढवत नाहीत, उतरवतात. अगदी खालच्या आवाजात शेजारच्या एखाद्याला काहीतरी सांगायला लागतात, की लगेच बाकीच्यांना वाटतं आपलं काहीतरी हुकतंय, आणि ते सरकत सरकत जवळ येतात. मी हे घरी भाच्यावर करून बघितलं, तो मोबाईल बघत होता, ढिम्म हलला नाही, म्हणजे यालाही काहीतरी पूर्वतयारी लागत असणार. आणि ते चपलांचं. मी म्हटलं ना आम्ही चपलांचे फोटो काढायचो, पण चपला हा ताईंचा गणिताचा तास आहे. जोड्या लाव, सगळ्यात मोठी कोणाची, लाल किती, डावी कुठली. फुकटचं साहित्य आणि रोज नवीन, कारण रोज वेगळी पोरं येतात.

या चपलांवरून आमच्याकडे एक इन्स्पेक्टर तयार झाली होती. लाल स्वेटरवाली. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मी तिला त्या स्वेटरशिवाय क्वचितच बघितलं. घरी हिंदी, वडील अंबडला कुठल्यातरी कंपनीत हेल्पर, गाव बिहारकडचं. आमच्या त्या एका सतरंजीवर भाषा किती होत्या बघा, सातपूर-सिडकोकडे खानदेशातली घरं भरपूर त्यामुळे अहिराणी, उत्तरेकडून आलेल्यांची हिंदी-भोजपुरी, हरसूल-पेठकडून बांधकामाला आलेल्यांची पोरं घरी आणखी वेगळं बोलणारी, आणि ताई मराठीतून गाणं म्हणणार. मला वाटायचं यांना काय कळत असेल. कळत सगळं होतं, कारण ‘हात धुवा’ म्हणताना ताई नळाकडे चालायला लागतात, ‘बसा’ म्हणताना बसतात, पोरं शब्दांच्या आधी माणूस बघतात. पण लाल स्वेटर बोलायची नाही. रडायचीही नाही. कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघायची. मी दोन-तीनदा हिंदीतून बोलून बघितलं, तर माझ्याकडे अशी बघायची की मीच गप्प व्हायचो. ताई म्हणाल्या, तिच्या मागे लागू नको, ती आत्ता माल भरतीये. (हे वाक्य मला फार आवडलं, परीक्षेच्या आधी घरी वापरतो.)

मग एकदा मी घाईत आलो, बाहेर चप्पल काढून टाकली आणि आत शिरलो. ही मागून आली, माझ्या शर्टाला धरून मला परत बाहेर नेलं, चपलेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “उलटा है.” उलटी पडली होती एक. मी सरळ केली. “बाजू में.” मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. मग आत जाऊन बसली. त्या दिवसापासून तिचं जे तोंड सुटलं ते बंदच होईना, आणि गंमत म्हणजे दोनेक महिन्यांत हिंदी-मराठीची मिसळ करून ती बाकीच्यांना ओरडायला लागली, “ए, तेरी चप्पल सरळ ठेव ना.” मावशी म्हणतात ही पुढे ट्रॅफिक पोलीस होणार.

वजनाचा दिवस हा वेगळाच विषय आहे आणि मी स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी असल्यामुळे तिथे जरा रमतो, तुम्हाला बोअर झालं तर पुढचा पॅरा सोडून द्या.

दर महिन्याला सगळ्यांचं वजन आणि उंची. वजन म्हणजे चपला काढायच्या, जाड कपडे काढायचे, आणि लाल स्वेटर स्वेटर काढायला तयार नाही. मी म्हटलं स्वेटरचं वजन वजा करू, अंदाजे. ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या अंदाजे नको, बारा वाजू दे. डिसेंबरात आमच्याकडे सकाळी हुडहुडी आणि दुपारी घाम, बारा वाजता ऊन चढल्यावर तिने स्वतःच काढून फेकला, लगेच काट्यावर. मग दंडाची टेप. ही टेप मी आधी कधी बघितली नव्हती, सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांच्या दंडाभोवती गुंडाळायची, घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असला तर लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. लाल म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषित, लगेच तपासणीला पाठवायचं. पिवळा म्हणजे मॅम, मध्यम कुपोषित. आमच्या सतरंजीवर लाल कोणी नव्हतं, पिवळे होते.

मी वर्गात शिकलेलं डोकं चालवून विचारलं की ताई, ह्याचं वजन तर चार्टवर खालच्या रेषेच्या वर आहे, मग तुम्ही तोंड का पाडलं. त्यांनी तीन महिन्यांचे ठिपके दाखवले. वजन तेवढंच, वय वाढतंय, म्हणजे त्याची रेष आडवी झाली होती. आणि त्याच्याच खाली एक बारीक पोरगी होती, ती कमी वजनाच्या पट्ट्यात, पण तिची रेष चढत होती, तिच्याबद्दल ताई निवांत. एका ठिपक्यावर काही ठरत नाही, रेष कुठे चाललीये ते बघ म्हणाल्या. आमचे सर टाइम सिरीज शिकवताना जे दोन लेक्चर घेतात ते ताईंनी एका वाक्यात संपवलं. नंतर मी आकडे शोधले, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघालेली आहेत. तीनातलं एक. हा आकडा मी परीक्षेला पाठ केला असता आणि विसरलो असतो, पण आता मला ती पंधरा-वीस पोरं भिंतीला टेकून उंची मोजून घेताना टाचा वर करतात ते दिसतं. टाचा सगळेच वर करतात, उंच असलेले सुद्धा.

आडवी रेषवाल्याच्या घरी ताई गेल्या, मीही गेलो मागे. कळलं असं की घरात नवीन बाळ आलंय, आई त्यात, बाप दोन पाळ्या करतोय, आणि हा पाच रुपयांची कुरकुऱ्यासारखी पाकिटं खाऊन भूक मारतोय. ताईंनी कुठलंही भाषण दिलं नाही. फक्त म्हणाल्या, उद्यापासून अंगणवाडीत यायच्या आधी पाकीट नको, तिथली खिचडी खाऊ दे, मग घरी आल्यावर काय द्यायचं ते दे. अंगणवाडीतल्या आहारात किती कॅलरी आणि किती प्रथिनं याचा सरकारी हिशोब ठरलेला आहे, पण पोट पाकिटाने भरलेलं असेल तर ताटातली खिचडी ताटातच राहते, आणि हिशोब कागदावर पूर्ण दिसतो.

कागद म्हणजे आता मोबाईल. पोषण ट्रॅकर नावाचं ॲप २०२१ पासून आलंय, हजेरी, वजन, उंची, आहार सगळं त्यात भरायचं, आणि घरी न्यायचा आहार देताना आता चेहरा ओळखणारा कॅमेरापण आलाय. समाजमंदिरात रेंज नाही. म्हणून ताई काय करतात तर बाईला घेऊन बाहेर रस्त्यावर जातात, उन्हात तिला डोळे मिचकावायला लावतात, ॲप गोल गोल फिरतं, डोक्यावरचा पदर काढ, परत घाल, परत मिचकाव. इथे मात्र माझा पहिल्यांदा खराखुरा उपयोग झाला, कारण मोबाईल हा एकमेव विषय ज्यात मी ताईंपेक्षा हुशार. मी हॉटस्पॉट दिला, कॅशे क्लिअर करून दिला, राहिलेल्या उंच्या भरायला बसलो. तेवढ्या वेळात ताई पोरांमध्ये बसल्या. म्हणजे बघा, मी पोरांना शिकवायला गेलो होतो आणि माझी सगळ्यात उपयोगी मदत ही होती की ज्या बाईला शिकवता येतं तिच्या हातातून मोबाईल काढून घेतला. मला वाटतं कॉलेजांनी अंगणवाडीत एवढी एकच मदत नीट केली तरी पुष्कळ आहे, चित्रं-बित्रं रंगवायची गरज नाही, भिंतीवर ससा आहे.

आणि पैशाचं म्हणाल तर, २०२३ मध्ये वाढ होऊन सेविकेचं मानधन १० हजार आणि मदतनिसाचं साडेपाच हजार झालं होतं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्यभर संप सुरू झाला तो जानेवारीपर्यंत चालला. नंतर आणखी वाढ झालीये. तरी मी मावशीचा दिवस बघितलाय, त्यामुळे यावर जास्त लिहित नाही, नाहीतर माझी भाषा बिघडेल.

सकाळची एक गोष्ट राहिली. अंगणवाडी उघडल्यावर मावशी गल्लीत एक चक्कर मारतात. दारोदार. ए चल, उठला का, तोंड धुतलं का, चल. दोन बोटं धरून दोघं, पदराला धरून एक, मागून दोघं, अशी वरात येते. पहिल्यांदा मला वाटलं हे काय, आईबापांनी आणून सोडायला नको का, आपल्याला कोणी न्यायला यायचं का. पण निम्म्या घरात आईबाप सात वाजताच बाहेर पडलेले असतात, मोठी बहीण शाळेत, आजी असली तर असली. ताईंच्या ट्रेनिंगमध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलेलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. १९४५ ला बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, तिथे गरीब वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ ला ते सगळं काम कोसबाडला गेलं, आणि गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणातसुद्धा शाळा भरवली. सरकारी एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनी. मला अंगणवाडी म्हटलं की सरकारी बोर्डच आठवायचा, हे काहीच माहीत नव्हतं. आता मावशी सकाळी गल्लीत फिरताना दिसल्या की वाटतं, पोरं येत नाहीत तर आपण जायचं, हे अजून तसंच चालू आहे की. हरसूलकडच्या पोरांचं मात्र कोणी काही करू शकत नाही, पावसाळ्यात आवणीला (भाताच्या लावणीला) सगळं घर गावाकडे जातं, महिनाभर ती पोरं गायब, परत येतात तेव्हा काळी-कुळकुळीत आणि निम्मी गाणी विसरलेली.

आता शीर्षकातल्या लापशीचं. मी शनिवारी जायचो. पोरांना सांगून निघायचं हा नियम, म्हणून मी निघताना सांगायचो, मी शनिवारी येतो. चार वर्षांच्या पोराला शनिवार म्हणजे काय. रोज सकाळी ताईंना विचारणार, आज शनिवार का. ताई म्हणाल्या, दादा, असं सांग की त्यांना कळेल. आमच्याकडे आहाराचं ठरलेलं असतं, बचत गटाकडून डबा येतो, कधी खिचडी, कधी उसळ, आणि शनिवारी लापशी. म्हणून मी म्हणायला लागलो, लापशीच्या दिवशी येतो. हे बरोबर बसलं. डब्याचं झाकण उघडलं, लापशीचा वास आला की पोरं दाराकडे बघायची. आणि मला यावंच लागायचं. इंटर्नल होती, ताप होता, एकदा मित्रांचा ब्रह्मगिरीचा ट्रेक होता, कशाला काही अर्थच राहिला नाही कारण लापशी तर येणारच होती.

एकदा बचत गटाने काहीतरी अडचण आली म्हणून मंगळवारी लापशी पाठवली. मला काय माहिती. शनिवारी गेलो तर भोंगा माझ्याशी बोलेना. ताईंनी सांगितलं, मंगळवारी दिवसभर दारात बसला होता, दादा खोटं बोलतो म्हणाला. मी त्याला समजावलं की अरे चुकून पाठवली त्यांनी. तो म्हणाला, मग तू पण चुकून यायचं.

यावर काय बोलणार.

म्हणून मला ते लोक आता बघवत नाहीत जे वर्षातून एकदा येतात. वाढदिवस आहे, अंगणवाडीत केक कापतात, बिस्किटचे पुडे वाटतात, पोरांना कडेवर घेऊन फोटो, पोरं चिकटतात पण लगेच, चार वर्षांचं पोर कोणालाही चिकटतं, आणि मग तासाभरात गाड्या निघून जातात, कोणी कोणाला सांगत नाही आम्ही आता येणार नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी ताई उत्तरं देत बसतात. वाईट हेतू नसतो कोणाचा. पण मग पुडे ताईंकडे देऊन रस्त्यावरूनच गेलं तरी चालतं ना. आमचीही कॉलेजची सुरुवातीची पद्धत अशीच होती, दर आठवड्याला नवीन जोडी पाठवायची म्हणजे सगळ्यांचे तास भरतात. ताईंनी स्वतः फोन करून सांगितलं की एकच जोडी पाठवा, नाहीतर कोणालाच पाठवू नका. सरांनी कुरकुर केली, ऐकलं मात्र.

आता मार्चमध्ये परीक्षा आहे, मला काही आठवडे जमणार नाही. ते मी पोरांना आधीच सांगायला सुरुवात केलीये, ताईंच्या सल्ल्याने. पुढच्या वर्षासाठी एफवायच्या एका मुलाला बरोबर नेतोय, म्हणजे मी असतानाच त्याची ओळख व्हावी. त्याला पहिल्या दिवशी लाल स्वेटरने बाहेर नेऊन चप्पल सरळ करायला लावली, माझ्यासमोर, आणि मी मध्ये पडलो नाही.

अजून एक-दोघं लागतील. सातपूर-अंबडकडे राहणारं कोणी एनएसएसवालं हे वाचत असेल आणि दर शनिवारी खरंच जमणार असेल, तर कॉलेजच्या ग्रुपवर सांगा. हॉटस्पॉटला पुरेल एवढा डेटा हवा. जुने कपडे घाला, लापशी अंगावर येते. खडू आणलेत तर मोडायची तयारी ठेवा, आणि चॉकलेट आणू नका, मावशी दारातच काढून घेतात आणि परत देत नाहीत.